ब्रिटनचे किल्ले, निवृत्तिवेतनाच्या हिशेबात

पत्र : माध्यमिक शाळेत इतिहास शिकवून मी निवृत्त झालो. आम्ही सातारकर. पत्नी आणि मी, दोघेही साठी ओलांडलेले, ब्रिटनमधील किल्ले आणि ऐतिहासिक स्थळे पाहण्यासाठी साधारण दोन आठवडे जाऊ इच्छितो. पत्नीची भाची लेस्टरला राहते. तिच्याकडे दोन-तीन दिवस उतरता येईल, बाकीची सोय आमची आम्हाला करायची आहे. एका प्रवासी कंपनीने नऊ दिवसांची सहल सुचवली आहे. तिच्यात लंडन, विंडसर, स्टोनहेंज, लेक डिस्ट्रिक्ट आणि एडिंबरा आहे, पण किल्ल्यांच्या नावांपुढे बहुतेक ठिकाणी ‘बाहेरून दर्शन’ असे लिहिले आहे. तिकडे आम्ही गाडी चालवणार नाही. पत्नी शाकाहारी असून तिचे गुडघे दुखतात. खर्च निवृत्तिवेतनाला झेपेल इतकाच हवा. कधी जावे, काय पाहावे, आणि ते पास का काय म्हणतात ते काढावेत का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

‘बाहेरून दर्शन’ हे शब्द आपल्याला खटकले, हे बरे झाले. ज्यांनी आयुष्यभर मुलांना तट, बुरूज आणि वेढे शिकवले, त्यांनी सातासमुद्रापार जाऊन किल्ल्याच्या वाहनतळावर वीस मिनिटे उभे राहायचे आणि पुन्हा बसमध्ये चढायचे, ही सहल कितीही सवलतीत मिळाली तरी महागच म्हणायची. शिवाय लंडनपासून एडिंबरापर्यंतचे अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि नऊ दिवसांत ते कापून परत यायचे तर दिवसाचा मोठा भाग खिडकीतून मेंढ्या पाहण्यातच जातो.

स्वतःची सहल स्वतः आखताना मात्र हीच चूक वेगळ्या रूपाने होते. ब्रिटन नकाशावर लहान दिसते, म्हणून माणूस रोज नवे गाव धरतो. तिथे पैसा प्रवेशाच्या तिकिटांपेक्षा मुक्काम हलवण्यात अधिक जातो. प्रत्येक हलवाहलवीला रेल्वेचे भाडे पडते, एकाच रात्रीसाठी घेतलेली खोली महाग पडते, दुपारपर्यंत खोलीचा ताबा मिळत नाही म्हणून सामान कुठेतरी पैसे देऊन ठेवावे लागते, आणि अर्धा दिवस हातचा जातो. म्हणून माझा सल्ला असा की मुक्काम मोजके ठेवावेत : लंडनला तीन रात्री, उत्तर वेल्समधील लँडिडनो येथे चार, भाचीकडे लेस्टरला तीन, यॉर्कला दोन, डरहॅमला एक, आणि परतीच्या विमानाआधी लंडनला एक. स्कॉटलंड या खेपेला सरळ वगळावे. एडिंबरा आणि स्टर्लिंगचे किल्ले पाहण्याजोगे आहेत यात शंका नाही, पण दोन दिवसांसाठी तिथवर जाण्याने बाकीच्या सगळ्या बेताची ओढाताण होईल. विंडसरही सोडले तरी चालेल. ज्याला किल्ला म्हणून किल्ला पाहायचा आहे, त्याचे समाधान राजघराण्याच्या सजवलेल्या दालनांनी होत नाही, असे माझे मत आहे.

तारखा ठरवताना आधी भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे. ब्रिटनमधील शाळांना जुलैच्या उत्तरार्धापासून संपूर्ण ऑगस्ट सुट्टी असते, आणि त्या काळात विमानापासून वसतिगृहापर्यंत सगळ्यांचेच दर चढलेले असतात. सप्टेंबर उजाडला की शाळा सुरू होतात, गर्दी ओसरते आणि दिवस अजूनही बारा-तेरा तासांचा असतो. सप्टेंबरचा आणखी एक मोठा लाभ आहे. इंग्लंडमध्ये ‘हेरिटेज ओपन डेज’ नावाचा उपक्रम १९९४ पासून चालतो. महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुमारे दहा दिवस, एरवी बंद असलेल्या किंवा शुल्क घेणाऱ्या असंख्य जुन्या वास्तू विनाशुल्क खुल्या ठेवल्या जातात. जुनी नगरभवने, गिरण्या, मठ, खासगी वाडे, अगदी न्यायालयांच्या जुन्या कोठड्यासुद्धा. लंडन आणि वेल्समध्येही त्याच महिन्यात असेच उपक्रम होतात. अर्थात गौरी-गणपती सप्टेंबरात येत असतील तर घरातून वेगळे मत येईल, आणि ते ऐकावेच लागेल. तसे असेल तर एप्रिलअखेर ते मेचा तिसरा आठवडा हा दुसरा चांगला काळ समजावा. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिकडच्या शाळांना पुन्हा आठवडाभर सुट्टी असते, ती टाळावी.

आता पासांविषयी. आपल्याकडे किल्ला म्हटला की तो केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे असतो, आणि तिकीट असलेच तर किरकोळ असते. ब्रिटनमध्ये प्रत्येक वास्तूचा धनी वेगळा, आणि पास त्या धन्यापुरताच चालतो. इंग्लंडमधील चारशेहून अधिक स्थळे इंग्लिश हेरिटेज ही संस्था सांभाळते, वेल्समधील स्थळे कॅडू नावाच्या सरकारी विभागाकडे आहेत, स्कॉटलंडची व्यवस्था निराळी. लंडनचा टॉवर आणि हॅम्प्टन कोर्ट हे राजवाडे सांभाळणाऱ्या आणखी एका संस्थेकडे आहेत, कॅथीड्रले आपापला कारभार पाहतात, आणि काही किल्ले, उदाहरणार्थ वॉरिक, करमणूक-उद्यानांच्या कंपनीकडे चालवायला आहेत. तिथे लहान मुले रमतात, आपण रमणार नाही. नॅशनल ट्रस्ट ही १८९५ साली स्थापन झालेली संस्था खूप मोठी आहे, परंतु तिच्या हवेल्या बहुधा खेड्यापाड्यांत, बसच्या वाटेपासून दूर आहेत, आणि गाडी नसताना तिचा पास काढून उपयोग होत नाही.

परदेशी पाहुण्यांसाठी इंग्लिश हेरिटेज नऊ किंवा सोळा दिवसांचा पास देते. लोक तो डोळे झाकून घेतात. पण हे दिवस सलग मोजले जातात, हे लक्षात घ्यावे. मधले चार दिवस आपण वेल्समध्ये असाल तर ते फुकट जातील, कारण तिथे हा पास चालत नाही. शिवाय या संस्थेच्या निम्म्याहून अधिक स्थळांना शुल्कच नाही. मी सुचवलेल्या बेतात तिची सशुल्क स्थळे चार-पाचच येतात, आणि माझ्या हिशेबाने स्टोनहेंज किंवा डोव्हरचा किल्ला यांपैकी काही जोडल्याशिवाय या पासाचे पैसे वसूल होत नाहीत. कॅडूचा पास मात्र अवश्य घ्यावा. सात दिवसांच्या मुदतीत कोणतेही तीन दिवस वापरता येईल असा तो मिळतो, आणि पुढे सांगतो ते कॉनवी, कार्नारव्हन आणि बोमॅरिस हे तिन्ही किल्ले त्यात बसतात. कुठलाही पास घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन सुट्या तिकिटांची बेरीज करावी, आणि तिकीटखिडकीवर ज्येष्ठांची सवलत विचारायला संकोच करू नये.

या सहलीचा गाभा उत्तर वेल्स आहे, आणि नेमका तोच भाग भारतातून जाणाऱ्या सहलींत नसतो. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकल्यावर १२८३ पासून त्या किनाऱ्यावर किल्ल्यांची साखळीच उभारली. कॉनवी, कार्नारव्हन, हारलेक आणि बोमॅरिस या चार किल्ल्यांना, कॉनवी आणि कार्नारव्हनच्या नगरतटांसह, १९८६ साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. सॅव्हॉय प्रांतातून आलेला जेम्स हा या सगळ्यांचा मुख्य स्थपती. आपण सह्याद्रीतल्या गडांच्या नजरेने पाहाल, तेव्हा पहिली गोष्ट जाणवेल ती ही की हे गिरिदुर्ग नव्हेत. शत्रूचा डोंगराळ मुलूख पाठीशी आणि आपला समुद्र समोर, अशी ती मांडणी आहे. जमिनीकडून वेढा पडला तरी जहाजातून रसद यावी हा हेतू, आणि १२९४-९५ च्या वेल्श उठावात हारलेकची शिबंदी अशाच समुद्रमार्गे आलेल्या मदतीवर तगली. सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्ग शिकवलेल्या शिक्षकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

कॉनवीचा किल्ला चार-पाच वर्षांत उभा राहिला आणि नगरतटासह त्यावर सुमारे पंधरा हजार पौंड खर्च झाले, जी त्या काळी प्रचंड रक्कम होती. आठ बुरूज, मध्ये आडवी भिंत घालून वेगळा केलेला राजाचा खासगी बालेकिल्ला, छप्पर उडालेले लांबलचक सभागृह, हे सगळे तिकीट काढून पाहावेच. पण मला अधिक मोल वाटते ते विनाशुल्क भागाचे. गावाभोवतीचा तट जवळपास अखंड उभा आहे. सव्वा किलोमीटरहून थोडा लांब, एकवीस बुरुजांचा आणि तीन मूळ दरवाजांचा. त्याच्या बऱ्याच भागावरून चालता येते आणि त्यासाठी कुणी एक पेनीही मागत नाही. दक्षिण बाजूला या तटाच्या बाहेरच्या अंगाला ओळीने बारा दगडी शौचकूप पुढे काढलेले आहेत. किल्ल्याशेजारी राजाचे कारकून आणि सेवक काम करत, त्यांच्यासाठी ही सोय केली होती. रस्त्यावर उभे राहून वर पाहिले की दगडी तोड्यांवर पेललेल्या त्या बारा खोबणी एकाशेजारी एक मोजता येतात. राजाच्या दालनांपेक्षा अशा ठिकाणी तेराव्या शतकातले रोजचे जगणे अधिक नीट कळते, आणि वर्गात सांगितले तर मुले हमखास ऐकतात.

गुडघ्यांचा प्रश्न इथेच येतो. या किल्ल्यांतील बुरुजांचे जिने दगडी, अरुंद आणि गोल फिरत वर जाणारे आहेत, पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि पावसात निसरड्या होतात. कॉनवीत आपण बुरुजावर जा, वहिनींनी खालच्या चौकात बसावे. कार्नारव्हनला मात्र तशी वेळ येणार नाही, कारण तिथल्या किंग्ज गेट या मुख्य दरवाजात २०२३ पासून लिफ्ट सुरू झाली आहे आणि तिने वरच्या सज्जापर्यंत पोहोचता येते. कार्नारव्हनचे बुरूज गोल नसून बहुकोनी आहेत आणि भिंतींत वेगळ्या रंगाच्या दगडांचे आडवे पट्टे आहेत. कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण व्हावी म्हणून ते तसे केले, असे अभ्यासक मानतात. बोमॅरिस सपाट जागेवर आहे. तटाच्या आत तट, बाहेर पाण्याने भरलेला खंदक आणि चारी बाजूंना काटेकोर प्रमाणबद्धता. पैसे संपले म्हणून तो कधी पुरा झालाच नाही, त्यामुळे ठेंगणा दिसतो, आणि त्याचा आराखडा जमिनीवरूनच वाचता येतो. हारलेक लांब पडतो. वहिनींची तयारी आणि हवामान दोन्ही अनुकूल असतील तरच त्यासाठी एक दिवस द्यावा.

कॉनवी गावात खोल्या थोड्या आणि महाग असल्यामुळे मुक्काम लँडिडनोला करावा. समुद्रकाठचे हे जुने हवापालटाचे गाव आहे, तिथे छोट्या घरगुती अतिथिगृहांची रांगच आहे आणि सप्टेंबरात ती रिकामी होऊ लागतात. तिथून कॉनवी बसने अगदी जवळ आहे. कार्नारव्हन आणि बोमॅरिससाठी बॅंगरमार्गे बस मिळते. बोमॅरिसला जाणारी बस मेनाई सामुद्रधुनी ओलांडते. अभियंता टेलफर्डचा १८२६ सालचा झुलता पूल तिथेच आहे, तो चुकवू नये. दिवसभर हव्या तेवढ्या बस बदलता येतील असे तिकीट चालकाकडे मिळते, ते सकाळी पहिल्या बसमध्येच मागावे.

लंडनविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याविषयी सगळेच सांगतात. राष्ट्रीय संग्रहालयांतील कायमस्वरूपी दालनांना डिसेंबर २००१ पासून प्रवेशशुल्क नाही, त्यामुळे दोन दिवस विनाखर्च सहज भरतात. ब्रिटिश म्युझियममध्ये आपण इजिप्तच्या ममींपाशी फार वेळ घालवू नका. रोमन ब्रिटनच्या दालनात विंडोलँडाच्या लाकडी पट्ट्या शोधा. रोमन सम्राट हॅड्रियनने उत्तर इंग्लंडमध्ये बांधलेल्या भिंतीजवळच्या लष्करी ठाण्यात सापडलेल्या, पोस्टकार्डाएवढ्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली ही पत्रे आहेत. त्यांतल्या एकात क्लॉडिया सेव्हेरा नावाची स्त्री इसवी सन १०० च्या सुमारास आपल्या मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावते. मजकूर कारकुनाच्या हातचा आहे, पण शेवटच्या ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत, आणि अक्षरातला फरक काचेबाहेरूनही दिसतो. ब्रिटिश लायब्ररीत १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, प्रती विनाशुल्क पाहायला मिळतात. लेस्टरला जाणारी गाडी सुटते ते सेंट पँक्रास स्थानक तिला लागूनच आहे.

वेस्टमिन्स्टर ॲबे आणि सेंट पॉल्सची तिकिटे दोघांची मिळून चांगलीच जड जातात. पण बहुतेक दिवशी संध्याकाळी तिथे सायंप्रार्थना होते आणि तिला कुणीही विनाशुल्क बसू शकतो. ती प्रार्थना आहे हे भान ठेवून, छायाचित्रे न काढता, पाऊण तास शांत बसण्याची तयारी हवी. त्या बदल्यात त्या वास्तूत गायक-मंडळीचे गायन ऐकायला मिळते, आणि गुडघ्यांनाही विसावा मिळतो. लंडनच्या टॉवरला अशी पळवाट नाही. तिथे तिकीट तीस पौंडांच्या पुढे आहे, तरीही एकदा जावे, उघडताक्षणी जावे, आणि आधी रत्नागार गाठावे. कोहिनूर राजमातेच्या १९३७ च्या मुकुटात जडवलेला आहे. मुकुटांच्या समोरून सरकत्या पट्ट्यावर उभे राहून पुढे जावे लागते, त्यामुळे निरोप घ्यायलाही उसंत मिळत नाही. गर्दी नसेल तर पुन्हा फेरी मारता येते.

इतिहासाचा मराठी धागा शोधायचा तर हाइड पार्कच्या कोपऱ्यावरच्या ॲप्सली हाउसला जावे. हे ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे घर. १८०३ साली आजच्या जालना जिल्ह्यातील असईला शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. दख्खनमधील सहकारी अधिकाऱ्यांनी त्याला दिलेला चांदीचा, सोन्याचे पाणी चढवलेला भोजनसंच या घरात आहे. वॉटर्लूला नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाच्या झगमगाटात तो कोपऱ्यात पडल्यासारखा वाटतो, म्हणून मुद्दाम विचारून पाहावा. घर आठवड्याचे सगळे दिवस उघडे नसते. प्रिमरोज हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले असून तिथे विनाशुल्क स्मारक-संग्रहालय आहे. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले ते हाउली प्लेसमधील घर, आणि हायगेटमधील ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू हे सावरकरांचे ‘इंडिया हाउस’, या दोन्हींवर निळ्या गोल पाट्या आहेत. ती घरे खासगी असल्याने पाटी रस्त्यावरूनच पाहावी. (हे ‘बाहेरून दर्शन’ मात्र चालेल.) वाघनखांसाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जायला कुणी सुचवले तर त्यांना आपणच सांगा की ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि पहिल्यांदा मांडली गेली ती साताऱ्यातच.

लेस्टरला भाचीच्या घरी थोडा विसावा घ्यावा. बॉसवर्थच्या लढाईत १४८५ मध्ये मारला गेलेला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २०१२ साली याच गावात एका वाहनतळाखाली सापडला आणि २०१५ मध्ये कॅथीड्रलमध्ये पुरला गेला. ती कबर पाहायला अर्धा दिवस पुरतो. एक पूर्ण दिवस मात्र केनिलवर्थच्या किल्ल्याला द्यावा. कॉव्हेंट्रीमार्गे रेल्वेने जाता येते आणि पुढे वीस-पंचवीस मिनिटांची चाल आहे. १२६६ साली या किल्ल्याने सुमारे सहा महिने वेढा सोसला, आणि पुढे १५७५ मध्ये किल्ल्याचा तेव्हाचा धनी रॉबर्ट डडली याने पहिल्या एलिझाबेथ राणीसाठी इथेच एकोणीस दिवसांचा थाट मांडला. एकाच भग्न आवारात लढाऊ किल्ला आणि चैनीचा वाडा शेजारी शेजारी दिसतात.

यॉर्कला शुक्रवार-शनिवार कधीही मुक्काम करू नये, कारण त्या दोन रात्रींचे दर आठवड्यातल्या दरांच्या तुलनेत अवाजवी असतात. गावाचा तट सुमारे साडेतीन किलोमीटर लांब असून त्यावर विनाशुल्क फिरता येते. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयही विनाशुल्क आहे, आणि १९३८ साली ताशी २०३ किलोमीटरचा वेग गाठणारे ‘मॅलर्ड’ हे वाफेचे इंजिन तिथे आहे. तिथून गाडीने पाऊण तासावर डरहॅम. त्याचे कॅथीड्रल १०९३ मध्ये बांधायला घेतले. प्रवेशाला ठरावीक शुल्क नाही, देणगीची अपेक्षा असते, ती यथाशक्ति द्यावी. आणि इथे एका रात्रीपुरता हिशेब सैल सोडावा असे सुचवतो. समोरचा नॉर्मन किल्ला १०७२ चा आहे आणि त्यात विद्यापीठाचे वसतिगृह चालते. सुट्टीच्या दिवसांत त्यातल्या विद्यार्थ्यांच्या खोल्या पाहुण्यांना मिळतात आणि सकाळची न्याहारी जुन्या महासभागृहात वाढली जाते. खोली साधीच असते, पण किल्ल्यात राहण्याचा योग हॉटेलच्या दरात सहसा दुसरीकडे येत नाही. ऑक्टोबरपासून सत्र सुरू होते, म्हणून सप्टेंबरच्या पूर्वार्धातच हे साधते.

डरहॅमहून न्यूकॅसलमार्गे हेक्समला गेले की हॅड्रियनच्या भिंतीकडे जाणारी बस मिळते. भिंतीचे काम इसवी सन १२२ मध्ये सुरू झाले म्हणून बसचा क्रमांकही एडी (म्हणजे इसवी सन) १२२. तिचे वेळापत्रक मोसमी असते, ते आधी पाहून ठेवावे. सगळे लोक हाउसस्टेड्सला जातात, पण तिथे रस्त्यापासून ठाण्यापर्यंत चढण आहे. वहिनींसाठी चेस्टर्स बरे. घोडदळाचे ते ठाणे नदीकाठी, सपाटीवर आहे, आणि तिथले रोमन स्नानगृह उंच भिंतींसह टिकून आहे. कपडे ठेवण्याच्या खोलीतले कोनाडेसुद्धा ओळीने शाबूत आहेत.

प्रवासखर्चात सर्वांत मोठी बचत एका कार्डाने होते. ‘टू टुगेदर रेलकार्ड’ ३५ पौंडांना मिळते, वर्षभर चालते आणि त्यावर नावे असलेल्या दोघांना रेल्वेभाड्यात एक-तृतीयांश सूट मिळते. साठीवरच्यांसाठी वेगळे कार्ड आहे, पण ते प्रत्येकी घ्यावे लागते, म्हणजे दुप्पट खर्च. ‘टू टुगेदर’ची अट एवढीच की दोघांनी एकत्र प्रवास केला पाहिजे आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधीच्या गाडीत ते चालत नाही. लांबच्या गाड्यांची स्वस्त आगाऊ तिकिटे साधारण बारा आठवडे आधीपासून निघतात आणि ठरलेल्या गाडीपुरतीच असतात. परदेशी प्रवाशांसाठीचा ब्रिटरेल पास अशा चार-पाच मोठ्या प्रवासांसाठी घेणे परवडत नाही. इंग्लंडमध्ये बहुतेक स्थानिक बसचे एका फेरीचे भाडे मार्च २०२७ पर्यंत ३ पौंडांच्या वर जाणार नाही असा सरकारी नियम आहे. वेल्सला तो लागू नाही. लंडनमध्ये बसचे भाडे एकदा दिले की तासाभरात दुसरी बस त्याच पैशांत मिळते. तिथे बँकेचे कार्ड टेकवून प्रवास करताना दोघांकडे दोन वेगळी कार्डे हवीत. हीथ्रोहून शहरात येताना पिकॅडिली मार्गाची मेट्रो घ्यावी, तिच्या शेजारची जलद गाडी कितीतरी महाग आहे.

लंडनच्या मुक्कामासाठी विद्यापीठांची वसतिगृहे पाहावीत. बाबासाहेब जिथे शिकले ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही संस्थाही सुट्टीत आपल्या वसतिगृहांतील खोल्या पर्यटकांना देते. वायएचए या १९३० साली स्थापन झालेल्या संस्थेच्या वसतिगृहांत, नावात ‘युवा’ असले तरी, वयाची अट नाही आणि दोघांची स्वतंत्र खोलीही मिळते. शिवाय सामाईक स्वयंपाकघर असते, ज्यात मुगाची खिचडी टाकली की रात्रीच्या जेवणाचा खर्च आटोपतो. दुपारी सुपरमार्केटमध्ये सँडविच, फळ किंवा वेफर्स आणि पेय यांचा एकत्रित संच चार-पाच पौंडांत मिळतो. किल्ल्यांच्या उपाहारगृहांत भाजलेला सालीसकट बटाटा, त्यावर चीज किंवा घेवड्याच्या बिया, हा शाकाहारी पदार्थ जवळपास सगळीकडे असतो आणि पोटभर होतो. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर गुजराती जेवण भरपूर आहे. बाटलीबंद पाणी विकत घेण्याची गरज नाही, नळाचे पाणी पिण्यायोग्य असते.

भाचीसाठी कंदी पेढे नेण्याचा आग्रह घरात होईल. नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, तूप, श्रीखंडाच्या वड्या सगळे विमानतळावर जप्त होते. चटण्या, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू चालतात, लाडू फक्त तुपाविना वळलेले असावेत.

कामांचा क्रम असा ठेवावा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून व्हिसाचा अर्ज करता येतो, आणि केंद्रे मुंबई व पुणे दोन्हीकडे आहेत. निवृत्तिवेतनाचे आणि बँकेचे कागद, भाचीचे निमंत्रणपत्र आणि मुक्कामांचा साधा आराखडा जोडावा. डरहॅमची खोली आणि लँडिडनोचे अतिथिगृह आधीच राखून ठेवावे, पण रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशाच अटीवर. प्रवासविमा अवश्य घ्यावा, आणि गुडघ्यांच्या जुन्या दुखण्याचा त्यात स्पष्ट उल्लेख करावा, कारण पर्यटकांना तिथले रुग्णालयातील उपचार सामान्यतः विनामूल्य मिळत नाहीत. रेल्वेची आगाऊ तिकिटे परत करता येत नसल्याने व्हिसा हाती पडेपर्यंत त्यांना हात लावू नये. तो आला की त्याच दिवशी भाचीला रेलकार्ड आणि चारही लांबच्या प्रवासांची तिकिटे काढायला सांगावे, सगळी साडेनऊनंतरच्या गाड्यांची.